धावपट्टीच्या टोकाची बाग

एका जागी बसणं मला जमत नाही. जेवताना दोनदा तरी उठतो. बायको म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी बांधली आहे का हो?" भिंगरी कसली, हा कानांचा त्रास आहे. वर कुठं घरघर ऐकू आली की हातातला घास ताटात ठेवून मी अंगणात, आणि ती घरघर पार विरून जाईपर्यंत आत यायचं नाव नाही. भाजी गार होते, पोरं हसतात. हसू देत.

याचं कारण आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. आता सांगतो, पण माझ्या पद्धतीनं. मी तापट माणूस आहे, मधे टोकलेलं मला खपत नाही. आणि खरं सांगायचं तर ही सगळी गोष्ट त्या तापटपणाचीच आहे.

आमची द्राक्षबाग सायखेड्याच्या अलीकडं, गोदावरीच्या काळ्या रानात. बागेच्या तारेच्या कुंपणापलीकडं एक धावपट्टी. नव्वदच्या दशकात तिथं फ्लाइंग क्लब सुरू झाला. पत्र्याचं एक हँगर, दोन सीटची तीन विमानं, आणि शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक सर. हँगर आमच्या बाजूच्या टोकाला होतं. विमान तिथून निघायचं, आमच्या कुंपणाला घासून जावं तसं हळूहळू पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं, तिथं तोंड फिरवायचं, इंजिन तपासायचं आणि मग सुसाट पळत आमच्याकडं येऊन बागेवरून वर चढायचं. कुंपणापासून निघून बागेवर यायला त्याला आठ-दहा मिनिटं लागायची. मला घड्याळाची गरज नव्हती, नुसत्या आवाजावरून कळायचं.

त्या क्लबात माझी धाकटी बहीण शिकायला होती.

वडील गेले तेव्हा ती दहावीत आणि मी बावीस वर्षांचा. बाग माझ्या गळ्यात पडली. ती नाशिकला कॉलेजात गेली आणि एक दिवस क्लबाचा फॉर्म घेऊन आली. आई म्हणाली, "अगं बाई, माणसं पडतात त्यातून!" मी आधी पोट धरून हसलो आणि मग सही केली. तोंडावर कधी बोललो नाही, पण मला तिचा भारी अभिमान होता. बागेत बायका घडांतले मणी विरळ करत असल्या आणि वरून विमान गेलं की मी उगाच ओरडायचो, "ती बघा, आमची धाकटी!" पुष्कळदा आत दुसराच कोणी असायचा. बायका बिचाऱ्या तरीही मान वर करून बघायच्या.

आता पाखरांचं. थंडीत आमच्याकडं भोरड्या येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, मैनेएवढा जीव, पण शेकड्यांनी येतात. घड गोड व्हायला आले की त्यांची झुंड बागेत शिरते. खातात कमी आणि चोची मारतात जास्त. परदेशी जाणाऱ्या मालाच्या घडात एक मणी फोडलेला दिसला की अख्खी पेटी बाजूला काढतात. म्हणून माघ-फाल्गुनात आमचं एकच काम, पाखरं राखणं. डबे बडवायचे, गोफण फिरवायची आणि अगदीच ऐकेनात तर बांधावर सुतळी बॉम्ब लावायचा. धडाम् झालं की सगळी झुंड एकदम उठायची.

उठून जायची कुठं? कुंपणापलीकडं, धावपट्टीवर.

पहिल्याच हंगामात सर स्वतः चालत बांधावर आले. मला वाटलं, भांडायला आलेत. मीही बाह्या सरसावून तयार होतो. पण त्यांनी पाणी मागितलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाटील, विमान वर असताना काळजी नसते. जमीन सोडतानाच खरी नड असते. उंची नाही, वेग नाही, विचार करायला वेळ नाही. त्या वेळी पाखरांची झुंड अंगावर आली आणि इंजिन बंद पडलं, तर मागं वळता येत नाही. जो वळायला जातो तो मरतो. नाक खाली घालायचं आणि समोर जे असेल त्यात उतरायचं."

मी विचारलं, "समोर काय असतं?"

त्यांनी मान वळवून माझ्या बागेकडं पाहिलं. ओळीनं उभे लोखंडी अँगल आणि त्यांच्यावर ताणलेल्या तारा. मी हसलो. ते हसले नाहीत.

त्याच दिवशी आमची बोली झाली. कुंपणाजवळून जाताना विमानातल्यानं खिडकीतून हात करायचा. मी खांद्यावरचा टॉवेल काढून वर धरायचा. म्हणजे ठरलं, तुम्ही बागेवरून जाईपर्यंत फटाका बंद. मोबाइल आमच्याकडं कोणी पाहिलेला नव्हता. हाच आमचा फोन. सगळी शिकाऊ पोरं हात करायची, पण धाकटीचा हात वेगळा. कोपरापर्यंत बाहेर काढून असा हलवायची की जणू मी तिला स्टँडवर सोडायलाच आलोय. मीही टॉवेल गरागरा फिरवायचो. कधी उशीर झाला तर भोरड्या घडावर बसलेल्या बघत मी तसाच दात-ओठ खात उभा राहायचो, पण काडी ओढायचो नाही. तीन हंगाम असे गेले.

मग नांदगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. चहा झाला, पोहे झाले. मुलाचे वडील हळूच म्हणाले, "ते विमानाचं काय हो? लग्नानंतर...?" मी लगेच बोलून गेलो, "छे हो, हौस आहे नुसती. लग्न ठरलं की बंदच करणार ती."

आतल्या दारात कपबशी वाजली. ती ऐकत होती.

पाहुण्यांची जीप वळणावरून जायच्या आत ती ओसरीवर आली. "माझ्या वतीनं शब्द द्यायला तुला कोणी सांगितलं?"

"मी थोरला आहे."

"थोरला आहेस. मालक नाहीस."

माझं डोकंच फिरलं. वडील गेल्यापासून मी काय काय केलं ते सगळं ओसरीवर काढलं. तिची फी, तिची सायकल, तिचा चष्मा. चष्म्यापर्यंत गेलो, म्हणजे बघा. ती रडली नाही. "झालं तुझं?" म्हणाली आणि आत गेली. तिथून अबोला सुरू.

आमच्या घरात अबोला म्हणजे गंमत नव्हे. वडील आणि काका एका ताटात जेवून सहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. आम्हा दोघांतही तेच रक्त. आई मधे सापडली. "आई, त्याला सांग, मोटर चालू राहिली आहे." "आई, तिला सांग, मला डोळे आहेत." दोघं एकाच खोलीत आणि निरोप आईकडून. आठ दिवस माउलीनं हे सोसलं. नवव्या दिवशी सकाळी धाकटी गाडी काढता काढता मोठ्यानं म्हणाली, "आई, त्याला सांग, आज दहाला मी एकटी उडणार आहे." आईच्या हातात लाटणं होतं, ते तिनं पोळपाटावर आपटलं. "तुमचं तुम्ही बोला! मी काय पोस्टमन आहे तुमची? मी नाय सांगणार."

मी न्हाणीघरात होतो. मला ऐकू आलं नाही. हे मात्र खरंच आलं नाही.

दहाच्या सुमाराला मी बांधावर होतो. दुसऱ्या दिवशी त्या प्लॉटची काढणी होती, पेट्या येऊन पडल्या होत्या आणि भोरड्यांनी सकाळपासून डोकं उठवलं होतं. हाताशी बॉम्ब, खिशात माचीस. इतक्यात हँगरमधून विमान निघालं आणि कुंपणाजवळ आलं. आत ती एकटीच. कानावर हेडफोन, वेणी पुढं घेतलेली. पंधरा-वीस पावलांवरून गेली. मी तिला पाहिलं. तिनं मला पाहिलं. मग तिनं समोर मान केली आणि मी बागेकडं.

हात नाही. टॉवेल नाही.

विमान पलीकडच्या टोकाला गेलं. इकडं भोरड्यांची झुंड उतरली ती नेमकी उद्याच्या प्लॉटवर. मी डबा बडवला, शिव्या घातल्या, ढेकळं मारली. हलेनात. मी बॉम्ब खापरीत ठेवला आणि काडी ओढली.

आता इथं मला उठून एक चक्कर मारून यावं लागतं. नेहमीच लागतं.

काडी ओढायच्या आधी पलीकडून इंजिनाचा आवाज चढला होता. तो आवाज मी तीन वर्षं ऐकत होतो. तपासणी संपली, आता ती सुटणार, हे त्या आवाजात असतं. मला ते कळलं. आणि माझ्या मनात जे आलं ते जसंच्या तसं सांगतो. मनात आलं, तिनं हात केला का? नाही केला ना? मग मी का थांबू? तिच्या जिवाचा विचार मनात आलाच नाही. विचार होता तो हाताचा. एवढ्याशा गोष्टीवर माणूस अडून बसतो, आणि मी बसलो. वात पेटवली.

धडाम् झालं. झुंड उठली, कुंपणावरून पलीकडं गेली आणि त्याच क्षणी विमानानं जमीन सोडली.

लोक विचारतात, मोठा आवाज झाला असेल ना? नाही. गारा पत्र्यावर पडाव्यात तसं तडतडलं. मग इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. इंजिनाला हवा घेणाऱ्या पुढच्या जाळीत पाखरं ठासून भरली होती, हे नंतर समजलं. पण ती शांतता! माझ्या डोक्यावर विमान आणि आवाज काहीच नाही. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही.

तिनं मागं वळवलं नाही. नाक खाली घातलं. समोर माझी बाग, अँगल, तारा. मला वाटलं, संपलं. पण तिनं विमान जरासं डावीकडं ओढलं. तिथं आमचाच हरभरा काढून मोकळं झालेलं वावर होतं, जेमतेम दीड-दोन एकराचं. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली, धुरळा उठला आणि पुढचं चाक बांधात घुसून विमान नाकावर उभं राहिलं.

मी कसा पोचलो, कोण जाणे. चपला वाटेत राहिल्या होत्या. दार वाकलं होतं, ते उपसून काढलं. तिच्या कपाळातून रक्त येत होतं, काचेला तडे गेले होते आणि काचेवर पाखरांची पिसं चिकटली होती. तिनं डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडं पाहिलं. नऊ दिवसांनंतरचे तिचे पहिले शब्द हे होते: "दादा, पेट्रोल गळतंय. ती माचीस लांब टाक."

मी माचीस भिरकावली आणि तिला उचललं.

खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले. जीव वाचला. नाशिकच्या दवाखान्यात सर आले आणि तिच्या खाटेशी उभे राहून म्हणाले, "मी शिकवलेल्यांपैकी निम्मे तरी मागं वळले असते." ती हसली. मी दाराशी फेऱ्या मारत होतो. नर्स दोनदा ओरडली, "अहो दादा, बसा की एका जागी!"

मग चौकशी लागली. मुंबईहून एक साहेब फाइल घेऊन घरी आले. धाकटीचा हात गळ्यात बांधलेला. तिचं पुढचं सगळं त्या कागदावर होतं. चूक तिची ठरली असती तर उडणं तिथंच थांबलं असतं. साहेबांनी विचारलं, "पक्षी कशामुळं उठले? शेतात फटाका वगैरे वाजला का?"

ती म्हणाली, "इंजिन पूर्ण जोरात असताना आत बाहेरचं काही ऐकू येत नाही, सर."

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही तिथंच होता. काय पाहिलं?"

मी म्हणालो, "पाखरं उठली. एकदम."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. आईनं चहा आणला. साहेबांना चहा आवडला. आठवड्याभरानं कळलं की धाकटीची काही चूक नाही, हाड जुळलं की तिनं परत यावं. मी सुटलो असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.  बागेत जायचो, परत यायचो, परत जायचो. काढणी झाली, माल गेला, मला त्यातलं काही आठवत नाही.

त्याहून वाईट पुढं झालं. आईनं सगळं स्वतःवर घेतलं. "मी सांगितलं असतं तर तू थांबला असतास रे. मेलं माझंच तोंड शिवलं होतं त्या सकाळी." येईल त्याला हेच सांगायची. एकवेळ जेवायला लागली. भाकरी करता करता मधेच हात थांबायचा आणि डोळे पुसायची. मला काय बोलायला हवं होतं? एकच वाक्य. आई, तू सांगितलं नाहीस तरी मला माहीत होतं, ती माझ्या समोरून गेली. एवढंच. पण मी म्हणायचो, "जाऊ दे आई, झालं ते झालं." शरम वाटते सांगताना. साठीची आई माझ्या पापाचे उपास करत होती आणि मी तिला दूध आणून देत होतो.

आणि गावानं माझा सत्कार ठेवला! भावानं बहिणीला जळत्या विमानातून काढलं म्हणे. विमान जळालंच नव्हतं, पण गावाला काय! मी नाही म्हणालो तर लोक म्हणाले, "लय साधा माणूस हाय." शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. शाल घातली, नारळ दिला. पुढारी बोलले, "असा भाऊ घराघरात हवा." धाकटी पहिल्या रांगेत बसली होती, हात गळ्यात. सगळ्यांबरोबर तिनंही उजव्या हातानं मांडीवर टाळी वाजवली. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी माइकसमोर उभा राहिलो, नारळ कपाळाला लावला आणि तसाच खाली उतरलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. आणखी टाळ्या पडल्या.

घरी येऊन मी शाल खाटेवर फेकली. धाकटी ओसरीवर बसली होती, आई शेजारी ज्वारी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"आई, तुझी काही चूक नाही. तो उपास सोड. मला माहीत होतं. ही माझ्या समोरून गेली होती. इंजिनाचा आवाज चढलेला मी ऐकला होता. ऐकून वात लावली. हिनं हात केला नाही म्हणून लावली."

सूप थांबलं. आईनं माझ्याकडं बघितलं, मग सूप तसंच ठेवून उठली आणि आत गेली.  बोलली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याहून बरं.

धाकटीला मी म्हणालो, "तू तरी बोल. शिव्या घाल."

ती म्हणाली, "मला माहीत आहे दादा. मी विमान पळवत तुझ्याचकडं येत होते ना. तू वाकलेला दिसलास. काडी ओढताना दिसलास."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? भाऊ आहेस."

"आणि दिसल्यावर थांबली का नाहीस तू? पट्टी होती अजून पुढं, ब्रेक मारायचा!"

हे मी ओरडून बोललो. बघा, तेव्हाही मीच ओरडत होतो. ती ओरडली नाही. तिनं गळ्यातली पट्टी जरा सारखी केली.

"थांबता आलं असतं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, तू थांबशील. हात नाही केला तरी."

मी ओसरीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. मग तिनंच सांगितलं की हाड जुळलं की ती दुसऱ्या राज्यातल्या क्लबात जाणार आहे, सरांनी चिठ्ठी दिली आहे. नांदगावकरांना तिनं स्वतःच नाही म्हणून कळवलं होतं.

मी म्हणालो, "अगं, इथंच पूर्ण कर ना. मी पुढच्या सालापासून जाळी लावतो सगळ्या बागेवर. एक बॉम्ब आणणार नाही घरात. एक भोरडी उठणार नाही पट्टीवर, शब्द देतो. भीती कसली आता?"

"पाखरांची नाही वाटत," ती म्हणाली, आणि आईला बघायला आत गेली.